पेल्याची आतली बाजू

निपाणीहून बेळगावला जाताना वाटेत संकेश्वर लागते. हिरण्यकेशीच्या काठचे हे गाव आपल्या भागातील जुन्या कुटुंबांना शंकरलिंगाच्या देवळामुळे, बाजारामुळे आणि मठामुळे परिचित आहे. नोकरीच्या काळात या रस्त्याने मी शेकडो वेळा गेलो असेन. परंतु मराठी समाजाच्या नैतिक इतिहासातील एका गाजलेल्या प्रकरणाचा धागा या गावाच्या नावाशी जोडलेला आहे, हे मला निवृत्तीनंतर निवांत वाचन सुरू झाल्यावरच उमगले. ते प्रकरण कपभर चहाचे होते.

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनच्या निमंत्रणावरून शहरातील चाळीसहून अधिक प्रतिष्ठित मंडळी तेथे जमली होती. त्यांत महादेव गोविंद रानडे होते, तसेच बाळ गंगाधर टिळकही होते. यजमानांनी पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवली. कोणी चहा घेतला, कोणी कप हातात घेऊन नुसताच खाली ठेवला. पुढे गोपाळ विनायक जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती, यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि पुण्यात एकच गहजब उडाला. सनातनी पक्षाने तक्रार शंकराचार्यांपर्यंत नेली. हे शंकराचार्य संकेश्वर-करवीर पीठाचे. चौकशीसाठी शास्त्रीमंडळींचे कमिशन बसले. चहा प्यायला कोण आणि केवळ हजर होता कोण, याचा काथ्याकूट झाला, दोषांची वर्गवारी झाली आणि प्रायश्चित्ते ठरली. आपण काशीस प्रायश्चित्त घेतले आहे, असे टिळकांनी सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि सुधारक मित्रांचा रोष ओढवून घेतला.

आज हे सारे वाचताना हसू येते. परंतु हसून सोडून देण्याजोगा हा विषय नाही. ज्या घरात हा चहा दिला गेला, त्या घरच्या धर्मग्रंथात नेमका हाच वाद आलेला आहे. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशूचे काही शिष्य हात न धुता जेवताना दिसतात. त्यावर शास्त्री आणि परूशी आक्षेप घेतात. मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी तेथे ‘शास्त्री’ हाच शब्द योजला आहे, ही गोष्ट या संदर्भात मला मोठी अर्थपूर्ण वाटते. आक्षेप आरोग्याचा नव्हता, सोवळ्याचा होता. येशूच्या उत्तराचा आशय असा की, बाहेरून पोटात जाणारे अन्न माणसाला विटाळवीत नाही, ते पोटातून बाहेर पडून जाते. माणसाला विटाळवते ते त्याच्या अंतःकरणातून बाहेर येणारे. लोभ, कपट, मत्सर, निंदा, गर्व यांचा उगम आत आहे आणि विटाळही तेथेच आहे.

मी ख्रिस्ती नाही. आमचे घर वारकऱ्यांचे. परंतु एखाद्या विचाराचे मोल तो कोणत्या दारातून आला यावरून ठरवू नये, एवढे तर या अध्यायाचे तात्पर्य आपणा सर्वांना घेता येईल. म्हणून अंतःकरणाची शुद्धता आणि बाह्य नियमांचे पालन यांचे नाते काय, या प्रश्नाचा विचार या शिकवणीच्या आधाराने करावा, असे मनात आले. चाळीस वर्षांच्या आसपास सरकारी नियमांच्या सहवासात काढलेल्या माणसाला हा प्रश्न केवळ पारमार्थिक राहत नाही.

प्रथम परूश्यांना न्याय दिला पाहिजे. आपण ‘परूशी’ म्हणजे ढोंगी असे समीकरण करून मोकळे होतो. आजचे अभ्यासक ते मान्य करीत नाहीत. परूशी हे आपल्या धर्मावर मनापासून प्रेम करणारे, अभ्यासू लोक होते. मंदिरातील याजकांनी पाळायची शुद्धता सामान्य माणसाच्या घरात, त्याच्या रोजच्या जेवणाच्या ताटापर्यंत यावी, अशी त्यांची तळमळ होती. आपल्या आजीने पहाटे थंड पाण्याने स्नान करून ओलेत्याने पाणी भरले, तेव्हा तिच्याही मनात हाच भाव होता. घर हे देऊळ व्हावे, हा त्यामागचा हेतू. हेतूत वाईट काहीच नव्हते. अडचण पुढे येते. देवासाठी म्हणून घातलेले कुंपण हळूहळू शेजाऱ्याला बाहेर ठेवण्याच्या कामी येते आणि कुंपण घालणाऱ्याला ते कळतही नाही.

शुभवर्तमानांत ‘ढोंगी’ या अर्थी आलेला ग्रीक शब्द मूळचा रंगभूमीवरील नटासाठीचा आहे. नाटकावर जीव असलेल्या आपल्या मराठी माणसाला यातील खोच लवकर कळावी. नट लबाड नसतो. तो प्रेक्षकांकडे पाहून उभा असतो, इतकेच. डोंगरावरील प्रवचनात दान, प्रार्थना आणि उपवास या तिन्ही गोष्टींबाबत येशू एकच सूचना देतो, ती म्हणजे प्रेक्षक काढून टाका. दान गुप्त असावे, प्रार्थना दार लावून करावी, उपवासाच्या दिवशी तोंड धुऊन प्रसन्न चेहऱ्याने वावरावे. या तीन आचारांपैकी एकही त्याने रद्द केलेला नाही. आचार तोच राहतो, पाहणारा मात्र बदलतो.

येथे एक मोठा गैरसमज दूर करावयास हवा. ‘मन शुद्ध असले की झाले, नियमांचे काय एवढे’ असे म्हणणारे लोक या शिकवणीचा आधार घेतात. वस्तुतः तिचा रोख नेमका उलट आहे. पुदिना, शेपू, जिरे यांचाही दहावा हिस्सा काटेकोरपणे देणाऱ्या आणि न्याय, दया, विश्वास या मोठ्या गोष्टी विसरणाऱ्या लोकांना येशूने फटकारले हे खरे. परंतु मोठ्या गोष्टी करावयाच्या होत्या आणि लहानही सोडावयाच्या नव्हत्या, असेच त्याचे म्हणणे होते. खून करू नये हा जुना नियम. त्याने तो मागे खेचून रागापर्यंत नेला. व्यभिचाराचा नियम नजरेपर्यंत नेला. शेजाऱ्यावरील प्रेमाचा नियम शत्रूपर्यंत लांबवला. म्हणजे अंतःकरणाचा कायदा हा सवलतीचा कायदा नव्हे. खून न करण्याचा नियम बहुतेक माणसे जन्मभर सहज पाळतात. राग न धरण्याचा नियम एक दिवस पाळून पाहावा.

नियम मोडणे हाही एक देखावा होऊ शकतो, याचे उदाहरण आपल्याच बेळगावच्या एका सुपुत्राच्या चरित्रात सापडते. ‘यमुनापर्यटन’ या १८५७ च्या कादंबरीचे कर्ते बाबा पदमनजी हे १८३१ साली बेळगावात जन्मले. येथील मिशनच्या शाळेत शिकले, पुढे मुंबईस गेले आणि १८५४ साली बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या मनाची सारी वळणे प्रांजळपणे सांगितली आहेत. मुंबईत असताना ते परमहंस मंडळीत जात असत. १८४९ च्या सुमारास स्थापन झालेली ही मंडळी जातिभेद मोडू पाहणाऱ्या सुशिक्षित तरुणांची होती. सभासदाने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा, ही तिची दीक्षा. परंतु सारा कारभार गुप्त होता. बंद दाराआड पाव खायचा आणि घरी येऊन सोवळ्याच्या पंगतीला बसायचे. १८६० मध्ये सभासदांची यादी बाहेर फुटली आणि मंडळी विखुरली.

त्या तरुणांची टिंगल करण्याचा अधिकार आपणास नाही. बहिष्काराची तलवार काय असते, हे आज आपण कल्पनेनेच जाणतो. पण विचार करावा असे काहीतरी तेथे आहे. पाव खाल्ल्याने माणूस सुधारक होतो ही समजूत, आणि पाव खाल्ल्याने माणूस भ्रष्ट होतो ही समजूत, या दोन्ही एकाच मापाने मोजतात. माणसाच्या पोटात काय गेले, याच्यावरच दोघांचे डोळे खिळलेले असतात. आत जे भय बसले होते ते पाव खाण्यापूर्वी होते तेवढेच नंतरही राहिले. ज्याच्या मनातले भय गेले, त्याला यादी फुटण्याची भीती कशाला वाटावी?

अंतःकरणाची ही शिकवण ज्यांनी जगभर नेली, त्यांच्या हातून तिचे काय झाले, हेही निर्भीडपणे पाहिले पाहिजे. त्यासाठी दूर जायला नको. गोव्यातील साष्टीत राहून इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी येशूचे चरित्र मराठी ओवीत बांधले. ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले. परकी माणसाने आपल्या भाषेचे अंतःकरण ओळखले, त्याचे ते स्मारक आहे. परंतु त्याच भूमीवर १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायासन मांडलेले होते. १७३६ च्या फर्मानात तर तुळस लावणे, मीठ न घालता भात शिजवणे अशा घरगुती चालीही गुन्ह्यांच्या यादीत आल्या. पोटात जाणारे अन्न विटाळवीत नाही असे सांगणाऱ्या गुरूच्या नावाने लोकांच्या भातातले मीठ तपासले गेले. दक्षिणेत कित्येक ठिकाणी चर्चमध्ये जातवार बाकडी आणि जातवार दफनभूमी राहिली, हेही सर्वज्ञात आहे. कोणताही धर्म बदलला तरी माणसाच्या आत बसलेला परूशी त्याच्याबरोबर चालत जातो, एवढाच याचा अर्थ.

याची जाणीव असलेले ख्रिस्ती सत्पुरुषही मराठीत होऊन गेले. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे येशूभक्त त्यात यावेत, अशी त्यांची योजना होती. ज्या बाह्य खुणेसाठी आपण घरदार, जात, संसार पणाला लावला, तीच खूण दुसऱ्याच्या भक्तीची अट होऊ नये, असे म्हणण्यास मनाचा फार मोठा मोकळेपणा लागतो.

यावर आपल्यातील कोणी वाचक म्हणेल की, हे सारे आमच्या संतांनी आधीच सांगितलेले आहे, त्यासाठी जेरुसलेमपर्यंत जाण्याचे कारण काय? आक्षेप रास्त आहे. मनाच्या निर्मळपणाचा महिमा ज्ञानोबा-तुकोबांनी गायिला. श्राद्धाचे अन्न भुकेल्या अस्पृश्यांना वाढणाऱ्या नाथांची कथा आपण लहानपणापासून कीर्तनात ऐकली. आपल्या सीमाभागात तर कन्नड शरणांची वचनेही वाऱ्यावर ऐकू येतात आणि बसवण्णांनी देवळाच्या दगडी भिंतींपेक्षा माणसाच्या देहाला देवालय मानले, हे आपले शेजारी आपल्याला सांगतात. तेव्हा हा विचार आपल्याला उसना आणावा लागत नाही.

परंतु मला वेगळाच प्रश्न छळतो. चोखोबा १३३८ साली गेले. त्यांची समाधी पंढरीच्या महाद्वारासमोर, पायरीच्या बाहेर आहे. दिंड्या त्या समाधीवर माथा टेकवून आत जात राहिल्या. चोखोबांच्या जातभाईंसाठी मात्र ते दार उघडायला १९४७ साल उजाडले आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले. मधल्या सहाशे वर्षांत लाखो भाविकांची अंतःकरणे अभंगांनी द्रवली असतील. ती सारी अंतःकरणे खोटी होती, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. मग ती शुद्ध अंतःकरणे आणि ती बंद कडी एकाच ठिकाणी इतकी शतके कशी नांदली? मन चांगले असणे पुरेसे आहे, असे मानणाऱ्या प्रत्येकाने या प्रश्नाला उत्तर द्यावे.

या ठिकाणी माझ्या नोकरीतील दोन गोष्टी सांगतो. एका तालुक्याच्या गावी असताना निराधार वृद्धांच्या मासिक वेतनाचे अर्ज माझ्याकडे येत. एका म्हातारीकडे वयाचा दाखला नव्हता. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईकडे तो असणार कोठून? ‘नियमात बसत नाही’ असा शेरा मारून मी तिचा अर्ज दोनदा परत केला. मनात कसलाही आकस नव्हता. लाच मी कधी घेतली नाही आणि वेळेवर कचेरीत येणारा अधिकारी म्हणून माझे नाव होते. माझी बदली झाल्यावर नवीन अधिकाऱ्याने महिन्याभरात ते वेतन मंजूर केले. पुढे त्याची भेट झाली तेव्हा मी सहज विचारले. तो म्हणाला, वैद्यकीय अधिकाऱ्याने दिलेला वयाचा अंदाज चालतो, अशी तरतूद त्याच नियमांत पुढच्या पानावर आहे. मी ते पान उलटलेच नव्हते. दया नियमात होती, ती माझ्यात नव्हती. लोक म्हणतात की नियम निर्दय असतात. पुष्कळदा निर्दय असतो तो नियम वाचणारा.

दुसरी गोष्ट याच्या उलट. माझ्या हाताखाली एक अत्यंत कनवाळू कारकून होता. समोर कोणी डोळ्यांत पाणी आणून उभे राहिले की त्याला राहवत नसे, तो त्या माणसाचा कागद गठ्ठ्यातून काढून वर ठेवी. सारे त्याला देवमाणूस म्हणत. पण ज्यांना बसभाडे परवडत नव्हते म्हणून येऊन रडता आले नाही, त्यांचे कागद तेवढेच खाली जात. ते लोक त्याला कधी दिसले नाहीत. करुणेला समोरचा माणूस दिसतो. समोर नसलेल्या माणसाची आठवण ठेवण्यासाठीच रांग असते, अनुक्रमांक असतो, नियम असतो. म्हणून राज्याचा कारभार अंतःकरणावर चालविता येत नाही, तो नियमावरच चालला पाहिजे. शब्बाथ माणसासाठी आहे, माणूस शब्बाथासाठी नव्हे, या येशूच्या विचाराचा अर्थ मला या दोन अनुभवांवरून असा लागला की, नियम कोणासाठी आहे हे ज्याला आठवते त्यालाच तो नीट पाळता येतो.

ज्यांना नियमपालनाचा अभिमान वाटतो त्यांच्यासाठी लूकच्या शुभवर्तमानात एक दृष्टान्त आहे. मंदिरात दोघे प्रार्थनेला येतात, एक परूशी आणि एक जकातदार. परूशी आपल्या उपवासांची आणि दानाची यादी देवापुढे वाचतो. जकातदार वर मानही करीत नाही, केवळ क्षमा मागतो. तो निर्दोष ठरून घरी जातो. जन्मभर महसूल खात्यात काम केलेल्या मला या जकातदाराविषयी आपुलकी वाटणे साहजिक आहे. पण खरे सांगायचे तर प्रार्थना मी नेहमी परूश्याचीच केली. लाच घेतली नाही, उशीर केला नाही, सही चुकवली नाही, अशी यादी माझ्यापाशी सदैव तयार असे. त्या यादीत त्या म्हातारीचे नाव नव्हते.

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावासा वाटला, तो सांगतो. निपाणीच्या आमच्या जुन्या घरात मागील दारी एक कोनाडा होता. त्यात कडेचा रंग उडालेला एक कप पालथा घातलेला असे. तंबाखूच्या वखारीत काम करणारी एक बाई सुट्टीच्या वेळी आमच्याकडे धुण्याभांड्याला येई, तिचा तो कप. तिने तो स्वतः घ्यायचा, आईने वरून चहा ओतायचा, प्यायल्यावर तिने तो विसळून पालथा घालायचा. माझ्या लहानपणी होता, मी पदवीधर झालो तेव्हा होता, मी अधिकारी झालो तेव्हाही होता. आई वाईट नव्हती. त्या बाईच्या मुलीच्या बाळंतपणात आईने रात्री जागवल्या, अडीअडचणीला पैसे दिले आणि कधी मोजले नाहीत. कप मात्र कोनाड्यात राहिला.

मीही काही कमी नव्हतो. एका वर्षी सरकारी कार्यक्रमात मी समतेवर भाषण केले, त्याचे कौतुकही झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मागील दारी ती चहा घेत बसली होती. मला काय वाटले कोण जाणे, मी म्हणालो, “आमच्या मनात तसं काही नाही हं, ही आपली आईची जुनी सवय.” ती चहाचा घोट घेत, अजिबात न रागावता म्हणाली, “दादा, तुमच्या मनातलं मला कसं दिसायचं? मला कप दिसतोय की.”

इतक्या वर्षांत या वाक्याला मला उत्तर सापडलेले नाही, कारण त्याला उत्तर नाही. माझे मन मला दिसते, तिला दिसत नाही. तिच्यापर्यंत पोहोचतो तो कप. सहाशे वर्षे पंढरीच्या दारात उभ्या असलेल्यांना भाविकांचे द्रवलेले अंतःकरण दिसत नव्हते, कडी दिसत होती.

मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायातही एक पेला आहे. तो बाहेरून घासून लखलखीत केलेला, पण आत लोभाने भरलेला. येशू तेथे सांगतो की आधी आतली बाजू स्वच्छ करा, म्हणजे बाहेरची बाजूही स्वच्छ होईल. हा विचार उद्धृत करणारे बहुधा पूर्वार्धावर थांबतात. मला उत्तरार्ध महत्त्वाचा वाटू लागला आहे. आत खरोखर स्वच्छ झाले असेल तर बाहेर फरक पडलाच पाहिजे. बाहेर काहीच बदलले नाही, तर आतल्या स्वच्छतेविषयी शंका घ्यावी, आणि ती दुसऱ्याच्या नव्हे, स्वतःच्या. दुसऱ्याचे अंतःकरण तपासण्याचा अधिकार कोणालाच नाही. इन्क्विझिशनने तो घेतला तेव्हा काय झाले ते आपण पाहिले. दुसऱ्याला त्याच्या कृतीने ओळखावे आणि हेतूविषयी संशयाचा फायदा द्यावा. स्वतःच्या बाबतीत मात्र हेतूची सबब पुढे करू नये. आपण व्यवहारात नेमके याच्या उलट करतो.

या दृष्टीने रानड्यांच्या प्रायश्चित्ताकडे पुन्हा पाहावे. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत त्या काळाचे वर्णन केले आहे. बहिष्काराने गांजलेल्या मित्रासाठी, त्याच्या घरच्यांचे हाल थांबावेत म्हणून, त्यांनी कमीपणा पत्करला. ज्या विधीवर विश्वास नाही तो करणे हे बाह्यतः असत्य, पण अंतःकरण परदुःखाने भरलेले. लोकांना आपण कसे दिसू, याची त्यांनी पर्वा केली नाही. नटाच्या अगदी विरुद्ध टोकाची ही वृत्ती. म्हणून त्यांना ढोंगी म्हणणे मला पाप वाटते. तथापि, त्यांच्याकडे पाहून धीर धरणाऱ्या शेकडो तरुणांना त्यांचे अंतःकरण दिसले नाही, प्रायश्चित्त दिसले. ज्यांनी चहाचा गुन्हा ठरवला त्यांचा अधिकार त्या एका नमस्काराने बळकट झाला, हेही तितकेच खरे. एवढ्या थोर माणसाच्या निर्मळ मनालाही बाहेरच्या कृतीचा हिशेब चुकला नाही, तर आपली काय कथा? मी त्यांच्या जागी असतो तर काय केले असते, हे मला सांगता येत नाही. मित्राच्या म्हाताऱ्या आईवडिलांकडे पाहून मीही बहुधा वाकलो असतो, पण त्याला मी धर्म म्हटले नसते.

आई गेल्यानंतर घराची आवराआवर करताना तो कप हाती लागला. ती बाई तेव्हा थकली होती, कामावर येत नव्हती. मी तिच्या घरी गेलो. तिच्या सुनेने चहा केला आणि मला कपबशी दिली. घरातली तीच एक चांगली कपबशी असावी. मी चहा प्यायलो. तिने माझ्याकडे पाहिले, पण काही बोलली नाही. त्या चहाने मी सुधारलो असे मला म्हणावयाचे नाही; तसे म्हटले तर परमहंस मंडळीच्या पावासारखे होईल. फार उशिरा केलेली ती अगदी लहान गोष्ट होती. जाताना मी एवढेच म्हणालो की, कोनाड्यातला कप आता तिथे नाही. ती म्हणाली, “आईसाहेब असत्या तर बरं झालं असतं.”

म्हणजे काय बरे झाले असते, हे मी तिला विचारले नाही. आई जिवंत असताना तो कप मी उचलावयास हवा होता, असे तिला म्हणावयाचे होते, की आईची तिला आठवण आली होती? दोन्ही असेल. तिचे अंतःकरण मला दिसले नाही. तिने दिलेली कपबशी मात्र मी पाहिली होती.